माझे शेअर माझ्यामागे कोणी सांभाळायचे

मी, माणसांना मोटार चालवायला शिकवण्यात हयात घालवलेली, वय वर्षे त्र्याहत्तर, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, दिवसाउजेडी, चहा घेऊन झाल्यावर, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. माझ्यावर दबाव आणू शकेल असे माणूस अजून जन्मले नाही, असे माझे यजमान म्हणत, आणि ते जन्मभर प्रयत्न करून गेले. डोके ठिकाणावर आहे. तसे लिहून द्यायला तळमजल्यावरचे डॉक्टर तयार आहेत. ते दातांचे डॉक्टर असले तरी माझी बडबड त्यांनीच सर्वांत जवळून ऐकली आहे.

१. राहते घर, त्यातील सर्व चीजवस्तू व स्वयंपाकघरातील गळका नळ यांसह, माझ्या एकुलत्या एक लेकीस द्यावे. नळ दुरुस्त करू नये असे नाही. मला जमले नाही, एवढेच.

२. शिकवणीची गाडी, जिच्यात शेजारच्या सीटपुढेही ब्रेक आहे, ती माझ्या ड्रायव्हिंगच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईंना द्यावी. शिकणाऱ्यावर ओरडू नये. मी ओरडून पाहिले आहे.

३. समोरच्या घरातले गृहस्थ गेली कित्येक वर्षे माझ्या फाटकासमोर गाडी लावतात. फाटकावरची ‘येथे वाहन उभे करू नये’ ही पाटी त्यांना सप्रेम द्यावी व त्यांच्या दिवाणखान्यात लावावी, म्हणजे निदान एकदा तरी वाचली जाईल.

४. आता मुद्द्याचे, म्हणजे शेअर.

शाळेच्या गॅरेजमागची मोकळी जागा विकून हाती रक्कम आली, तेव्हा माझा धाकटा भाऊ, ज्याचे चष्म्यांचे दुकान आहे, म्हणाला, शेअर घे. तिथवर आमचे एकमत होते. त्याचे म्हणणे, आपले शेअर आपणच निवडावेत. माझे म्हणणे, ज्याचे काम त्याने करावे, फी घेऊन का होईना.

“दरवर्षी फी कशाला भरायची?” तो म्हणाला. “तुला पेपर वाचता येतो ना?”

“रस्त्यावरच्या पाट्याही सगळ्यांना वाचता येतात,” मी म्हटले. “तरी माझी शाळा चालते.”

मी पैसे लोकांचे शेअर सांभाळणाऱ्या एका पोर्टफोलिओ मॅनेजर बाईकडे दिले. ती माझीच विद्यार्थिनी. गाडीच्या परीक्षेत तीनदा नापास होऊन चौथ्यांदा सुटली, म्हणून आमच्या घरात तिचे नावच ‘चौथी’ पडले. भाऊ हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला. “जिला गाडी मागे घेता येत नाही, तिच्या हाती पैसे!” पण प्रत्येक वेळी नापास झाल्यावर काय चुकले ते विचारायला ती माझ्याकडे येई. पास झालेले कोणी कधी आले नाहीत.

पुढची काही वर्षे भावाची होती. बाजार चढत होता. तो दर रविवारी सकाळी येई आणि आपले किती वाढले ते सांगे. माझेही वाढत होते, पण बैलगाडीने, आणि त्यातून फी वजा. एक दिवस त्याने नवी गाडी घेतली आणि माझ्या खिडकीखाली येऊन हॉर्न वाजवत बसला. मला झोंबले. दुसऱ्याच दिवशी मी चौथीच्या ऑफिसात गेले.

“माझ्या भावाचे दुप्पट झाले. माझे काय?”

तिने आधी पाणी दिले. “बाई, त्यांनी काय काय घेतलंय?”

“दोन कंपन्या.”

“दोनच?”

“त्याला त्यांची खात्री आहे.”

“मला कुठल्याच कंपनीची एवढी खात्री नाही,” ती म्हणाली. “म्हणून तुमचे पैसे वीसबावीस ठिकाणी ठेवलेत. कंटाळवाणं आहे, कबूल. फी पटत नसेल तर आजच काढून घ्या. मी राग मानणार नाही.”

मी काढले नाहीत. यात शहाणपण कमी आणि भावाला बरोबर ठरू द्यायचे नाही हा हट्ट जास्त होता.

मग बाजार पडला. सगळ्यांचेच पडले, पण भावाच्या दोनांतली एक कंपनी पार बुडाली. रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. भावजयीचा फोन आला, “दुकान उघडतात आणि नुसते बसून राहतात. तुम्हीच या.”

गेले. तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीत, अक्षरांच्या तक्त्यासमोर बसला होता.

“बोल,” तो म्हणाला. “काय बोलायचं ते बोलून टाक. आज तुझा दिवस आहे.”

“माझाही पाव हिस्सा गेला.”

“खरंच?”

“खरंच.”

तो इतका खूश झाला, की मला राग यायला हवा होता. आला नाही.

मी म्हटले, “उरलेले चौथीकडे दे.”

“नको, ताई. माझ्या चुकीने गेले तर मी स्वतःला दोन शिव्या घालतो आणि आज ना उद्या जेवायला बसतो. दुसऱ्याच्या चुकीने गेले तर मला जन्मात झोप लागायची नाही. तुझं उलटं आहे.”

खरेच आहे. मला माझीच चूक पचत नाही. उगीच का मी आयुष्यभर शेजारच्या सीटवर बसले?

त्या रविवारपासून तो पुन्हा येऊ लागला. आता त्याच्याकडे नऊ कंपन्या आहेत. यात चौथीचा काही संबंध नाही, असे तो न विचारता सांगतो. असो.

सबब माझ्या शेअरांची वाटणी अशी:

(अ) चारातले तीन हिस्से लेकीस द्यावेत व ते चौथीकडेच ठेवावेत. लेक नर्स आहे. “आई, मला त्यातलं काही कळत नाही, आणि कळून घ्यायला सवडही नाही,” असे ती स्पष्ट म्हणते, आणि हे स्पष्ट म्हणता येणे ही निम्मी अक्कल आहे. मात्र वर्षातून एकदा चौथीला समोर बसवून, यंदा तुझे काय चुकले, असे विचारावे. ‘काहीच नाही’ असे उत्तर आले, तर त्याच दिवशी पैसे काढून घ्यावेत.

(ब) उरलेला एक हिस्सा माझ्या भावास, पूर्ण मालकी हक्काने. तो त्याने स्वतःच सांभाळावा. कोणाकडे सोपवण्याचा आग्रह कोणी धरू नये, हिशेब मागू नये, आणि बुडाले तर ‘तरी सांगितलं होतं’ हे वाक्य कोणी उच्चारू नये. लेक म्हणाली, “मामा दोन वर्षांत उडवेल.” उडवू दे. एखादी कंपनी का घेतली हे सांगताना त्याचा चेहरा कसा होतो, ते तू पाहिलेले नाहीस.

आता पाहशील. माझ्यामागे तो रविवारी तुझ्याकडे येईल. तो सांगू लागला की ऐकून घ्यावे. कळले नाही तरी ऐकावे. मलाही कळत नव्हते.

५. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. यातली खोडाखोड माझीच आहे. अंमलबजावणी लेकीने करावी.

ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असे सांगण्यात आले, म्हणून भावाला सहीला बोलावले नाही. तेवढ्यावरून तो काय समजायचे ते समजला. या रविवारी बगलेत पेपर घेऊन आला, चष्मा पुसला आणि म्हणाला, “ताई, समजा, नुसतं समजा हं, एखाद्याकडे अचानक थोडी रक्कम आली...”

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: १९ नोव्हेंबर, सोमवार

(सही) लिहून ठेवणारी

आमच्यासमोर वाचून, हसून व सही करून दिले:

साक्षीदार १. (सही) दातांचे डॉक्टर, तळमजला
साक्षीदार २. (सही) टायरवाले, गॅरेजशेजारी