घरातलं नाव

४ ऑगस्ट

चि. अध्यक्षमहाराजांस, अ. उ. आ.

कॉम्प्युटर क्लबचा अध्यक्ष झाल्यापासून तू आत्याला विसरलास, तेव्हा मीच लिहिते. फोनवर तू नुसतं हो-हो करतोस, म्हणून पत्र. चष्म्याचं दुकान ठीक चाललं आहे. काल एका गिऱ्हाइकाने कपाटातल्या सगळ्या फ्रेमा नाकावर चढवून पाहिल्या आणि स्वतःचीच जुनी घालून गेला.

काळजीचं म्हणजे, आमची लेक, आपली गोगलगाय, मध्येच घरी आली आहे. सुट्टी नाही, ताप नाही. ताटात घास चिवडत बसते. खोदून खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली की कॉम्प्युटरचं शिक्षण सोडायचं, तसा अर्ज देणार आहे. या प्रवेशासाठी पोरीने वर्षभर मान वर केली नव्हती. तुम्ही दोघं एकाच कॉलेजात, तेव्हा जरा चौकशी कर. कुणी छेडलं असेल तर कळव, त्याचे कान मी स्वतः येऊन उपटीन.

लोभ आहेच, तो कमी करायची सोय आत्यांना नसते.

तुझी आत्या


९ ऑगस्ट

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

कान उपटायला ये. ते माझेच आहेत.

क्लबात नाव घातलेली मुलं पुष्कळ, पण बोलणारे आम्ही पाच-सहाच. बाकीची मागे बसतात आणि गुपचूप निघून जातात. सरांनी एकदा विचारलं की या मुलांना क्लबचा उपयोग काय? ते मला लागलं. क्लब दर गुरुवारी भरतो; त्यातला एक गुरुवार मी खास मागच्या बाकांसाठी ठेवला. एकेकाला पुढे बोलवायचं, मोठ्या पडद्यावर सगळ्यांदेखत प्रोग्राम लिहायला लावायचा, म्हणजे भीड चेपेल, अशी माझी अक्कल. आपली ही पहिलीच आली आणि कीबोर्डवर हात ठेवून नुसती उभी राहिली. जरा हलकं व्हावं म्हणून मी माइकवरून म्हणालो की घाई करू नका, आमच्या घरी हिला गोगलगाय म्हणतात. सगळा हॉल हसला. आत्या, मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर गोगलगायीचं चित्र होतं. ती आत आली की पोरं बाकं वाजवायची. मी चित्रं काढून टाकली, पोरांना दम भरला, पण नाव काही जाईना. तिची माफी मागायला गेलो, तर तिने फक्त मान हलवली आणि संध्याकाळी घरची गाडी पकडली. तुला हे आधीच कळवायला हवं होतं. लाज वाटत होती, म्हणून गप्प बसलो.

लोभ उरला असेल तर असू द्यावा.

तुझा भाचा


१४ ऑगस्ट

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी तुझा राग आला, मग माझा. ते नाव मीच ठेवलं. लहानपणी ती घास गालात धरून बसायची, मी लाडाने म्हणाले आणि साऱ्या घराने उचललं. तिला ते आवडतं का, हे मी कधी विचारलं नाही. पाहुण्यांसमोर म्हटलं की ती उठून आत जायची, आणि मी कौतुकाने सांगायचे की लाजते. तू माइकवरून एकदा केलंस, मी बैठकीच्या खोलीत वर्षानुवर्षं करत आले. काल दुकानातच रडू फुटलं. गिऱ्हाइकांना सांगितलं की डोळे आलेत.

तुझं पत्र तिला वाचायला दिलं आहे. तिची समजूत घालायला म्हणून इकडे धावत येऊ नकोस. तिला बोलावंसं वाटेल तेव्हा ती बोलेल.

लोभ आहे, पण सध्या आपण दोघंही त्याच्या लायकीचे नाही.

आत्या


२३ ऑगस्ट

ती. दादास, सा. न. वि. वि.

अर्ज दिला नाही. सोमवारी परत येते. शिक्षण मला आवडतं, ते तुमच्या हसण्यापायी का सोडू?

क्लबचा मला काय उपयोग, हे तू मलाच विचारायचं होतंस. मी एकही गुरुवार चुकवला नव्हता. तुमचे प्रोग्राम अडायचे, तुम्ही भांडत भांडत चूक शोधायचात, ते ऐकायला मी यायचे. एवढ्या हुशार मुलांचंही अडतं हे बघून धीर यायचा. मग खोलीवर जाऊन तेच करून बघायचे, आणि जमायचं. खरंच काही करायचं असेल तर पुढच्या रांगेतून आलेला प्रश्न मोठ्याने पुन्हा सांगत जा, मागे नुसतं उत्तर पोचतं. आणि पडद्यावरचा प्रोग्राम लगेच पुसू नका, उतरवून घ्यायला आम्हाला वेळ लागतो. मी इतक्यात क्लबात येणार नाही, पण मागे माझ्यासारखी बरीच आहेत.

आणि एक. आईला लिहिलेल्या पत्रातही तू मला 'आपली ही' म्हटलं आहेस.

आई आता मला माझ्या नावाने हाक मारायची सवय करते आहे. परवा तिने स्वयंपाकघरातून दोनदा हाक मारली. मी ओ दिली नाही. मला वाटलं, दुसऱ्याच कुणाला तरी बोलावते आहे. शेवटी ती दारात येऊन उभी राहिली, तेव्हा दोघींनाही कळलं. तिला रडू आलं.

लोभ ठेव; चारचौघांत मात्र दाखवू नकोस.

तुझी धाकटी बहीण