एप्रिलातली मरळ

बाबा,

आज शुक्रवार आहे. आई आतल्या खोलीत झोपली आहे आणि तुम्ही कधीच वाचणार नाही असं काहीतरी मी लिहायला बसले आहे. तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी आता दहा वर्षांनी मोठी आहे. तरी लिहिते, कारण तुमची ती मरळ काही केल्या डोक्यातून जात नाही आणि तिच्याबद्दल बोलायला दुसरं कुणी उरलं नाही.

बाहरैनच्या नईम वस्तीतली आपली दोन खोल्यांची जागा. शुक्रवारची जेवणं झाली की तुम्ही स्वयंपाकघराच्या फरशीवरच बैठक मारायचात, यार्डातून आणलेलं जुनं जॉबकार्ड उलटं करून त्यावर गावच्या तळ्याचा नकाशा काढायचात. इथे बंधारा, इथे बाभूळ, ही गुरं पाण्यावर उतरायची जागा. दिवसभर जहाजांची इंजिनं उघडून काळी पडलेली तुमची बोटं पेन्सिल मात्र अगदी हलकी धरतात. "एप्रिलात पाणी आटतं, तापतं. मग मरळ हवा घ्यायला सारखी वर येते. बुडबुडा दिसला की हलायचं नाही. बेडकी लावलेला गळ तिच्यापुढे अलगद सोडायचा आणि गप बसायचं. तुला जमेल का गप बसायला?" आई हामूर माशाच्या तुकड्यांना मीठ-हळद चोळत म्हणते, "चारी बाजूंनी समुद्र आहे, आणि यांचा जीव अडकलाय डबक्यातल्या माशात." तुम्ही हसता. "अगं, हा काय बाजारात कुणालाही मिळतो. मरळ बसून मिळवावी लागते."

पण एप्रिल काही यायचा नाही. तुमची रजा दोन वर्षांतून एकदा, तीही माझ्या शाळेच्या सुट्टीला जोडून, जुलै-ऑगस्टात. तेव्हा तळं तुडुंब भरलेलं आणि मरळ पिलांवर. पिलांवरच्या मरळीला आपल्या गावात कुणी गळ टाकत नाही. मी नऊ वर्षांची असेन, छत्री घेऊन काठावर उभी होते. पाण्यावर लालसर पिलांचा पुंजका आला, त्याच्याखाली एक जाड काळी सावली, आणि मी गंमत म्हणून खडा भिरकावला. पाठीत असा धपाटा बसला की छत्री हातातून गेली. "ती लेकरांवर आहे, दिसत नाही? लेकरं सुटी होईपर्यंत तिला हात लावायचा नाही." तुम्ही मला मारलंत ते तेवढं एकदाच. बाहरैनला परतल्यावर तुम्हालाच चैन पडेना. सूकमध्ये, तिथल्या बाजारात जाऊन माझ्या हाताला बसेल अशी छोटी गळाची काठी आणि लाल रीळ घेऊन आलात. म्हणालात, "एकदा एप्रिलात जाऊ. तू आणि मी." त्यानंतर जवळजवळ दर शुक्रवारी तेच. एसटीने कुठे उतरायचं, बेडक्या कुणाच्या शेतात मिळतील, टोपी विसरायची नाही. इतकं ठरवलेलं दुसरं काहीच आपल्या घरात नव्हतं.

मी आठवीत गेले त्या वर्षी तुम्ही साहेबाच्या मागे लागून लागून एप्रिलची रजा मिळवलीत. आईच्याही आधी मला सांगितलंत. घामाने भिजलेला यार्डाचा शर्ट अंगावर तसाच होता. "दहा दिवस फक्त. शाळा थोडी बुडेल. आईला उद्या सांगू, आज आपल्यातच." मी म्हणाले, "आय कान्ट, बाबा. टेस्ट्स आहेत." तुम्ही विचारलंत, "सगळे दहा दिवस?" मी म्हणाले, "हो." टेस्ट एकही नव्हती. माहूजला वर्गातल्या एका मुलीचा वाढदिवस होता, तिच्या घरी नवा व्हीसीआर आला होता आणि सगळ्या जणी जाणार होत्या. तेरा वर्षांची होते. उन्हात चिखलाशेजारी गप बसायची, आणि मग शाळेत ते सांगायची, मला लाज वाटत होती. ती लाज मी इंग्रजीत झाकली. "तुम्ही जा ना," असंही म्हणाले वर. तुम्ही शर्टाची बटणं सोडायला लागलात. मग म्हणालात, "मी पुष्कळ धरल्यात गं."

दुसऱ्या दिवशी जेवताना तुम्ही आईला सांगितलंत, "एप्रिलची रजा मागितली होती. साहेब म्हणाला, मफी. नाही म्हणजे नाही." आई भडकली, साहेबाच्या सात पिढ्या तिने उद्धरल्या. तुम्ही ताटातून मान वर काढली नाहीत. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीत. तुम्ही मला पाठीशी घातलंत हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि मला वाईट वाटलं नाही, सुटल्यासारखं वाटलं. त्याच ऑगस्टात यार्डात भर दुपारी तुम्ही कोसळलात. दवाखान्यात नेईपर्यंत खलास. तुम्हाला आम्ही विमानाने गावी नेलं तेव्हा पाऊस होता आणि मरळी पिलांवर होत्या. लोक म्हणतात, काळ जातो तसं दुःख बोथट होतं. माझं काही झालं नाही. ते दहा दिवस कुठूनही परत मिळायचे नाहीत, आणि माफी मागावी तर देणारे तुम्हीच नाही.

नोकरीच्या निमित्ताने मी पुन्हा इथेच, बाहरैनला आले, आता उम्म अल हस्समला राहते. आई ऐंशीच्या पुढे आहे. गेल्या रविवारी मटार सोलता सोलता तिने पुन्हा विषय काढला. "त्या मेल्या साहेबाने तेवढी एक रजा दिली असती, तर बिचारे लेकीला घेऊन एकदा तळ्यावर बसून आले असते." इतकी वर्षं ती हे म्हणते आणि इतकी वर्षं मी नुसती मान हलवते. या वेळी मी मान हलवून थांबले नाही, बाबा. मी म्हणाले, "माणूसच नीच होता तो, आई."