अंगणातल्या पिलांचं रक्त

प्रिय ठमाबाई,

आशीर्वाद गृहीत धर. मला दुसरी बहीण नाही, तेव्हा आहेत नाहीत ते सगळे तुझेच.

काल तुला दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा हवापाणी विचारून ठेवून दिला. तू म्हणालीस, ताई, तुझ्याकडे काय वेगळी हवा आहे का? वेगळी नाही. पण तोंडाने सांगायला गेले की माझी जीभ नको तिथे थट्टा करते, म्हणून लिहिते आहे.

माझं काम तुला कधी पटलं नाही. अप्पांनी रोज सकाळी संस्कृतची शब्दरूपं घोटून घेतली आणि पोरगी शेवटी चिमण्यांचं रक्त काढायला लागली, असं तू आल्यागेल्याला सांगतेस. सांग बापडी. शिसं वितळवणाऱ्या त्या कारखान्याभोवती आम्ही घरट्यांसाठी लाकडी पेट्या टांगल्या, हे तुला ठाऊक आहे. मोठी चिमणी चार ठिकाणी हिंडते. पिलू मात्र आईबापांनी जवळपासून वेचून आणलेलंच खातं. म्हणून त्याच्या पंखाखालचा एक थेंब पुरतो: त्या मातीत काय आहे, ते थेंबात उतरतं.

पण तुलना करायला एक स्वच्छ जागाही लागते. आमच्यात तिला रुक्ष नाव आहे; मी आपली तिला उपमान म्हणते. ‘याच्यासारखं’ असं ज्याच्याकडे बोट दाखवून म्हणायचं, ते. कारखान्यापासून लांब, झाडं भरपूर, वर्दळ नाही, शिवाय मालकीण चहा देते. तुझं अंगण मीच सुचवलं. पेट्या लावताना आपले जावईबापू, तुझे यजमान, शिडी धरून उभे होते आणि मला सारखे बजावत होते, ताई, पडलात तर चिमण्या हसतील.

आठवड्यामागे आकडे आले. तुझ्या अंगणातल्या पिलांच्या रक्तात शिसं कारखान्याच्या भिंतीलगतच्या पिलांहून जास्त. आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई हसल्या. म्हणाल्या, नळ्यांची अदलाबदल केलीत तुम्ही, बहिणीकडे गप्पा मारत बसलात ना! मलाही तसंच वाटलं, बरंसुद्धा वाटलं. म्हणून शनिवारी पुन्हा आले, पिलं बघायला आले म्हणाले, आणि पुन्हा रक्त घेतलं. पिलं चोचीसुद्धा नीट उघडत नव्हती. तू म्हणालीस, किती शहाणी आहेत गं, आमच्या कार्टीसारखी हट्टी नाहीत.

काल दुसऱ्या खेपेचे आकडे आले. तेच. मी टेबलाशी बसून चहा प्यायले. तो गार होता हे संपल्यावर कळलं. रडू वगैरे काही आलं नाही. हात धुतले, परत धुतले, फळा पुसला. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

तुमच्या जुन्या घराच्या खिडक्या, ठमे. जावईबापू हौसेने स्वतःच्या हाताने घासताहेत त्या. वरचा पोपटी, त्याखालचा पांढरा, त्याखालचा आणखी कुठला; त्या काळच्या रंगात शिसं घालत असत. त्याचा भुगा आणि पापुद्रे खिडकीखालच्या मातीत पडलेत. दाणे दळायला चिमण्या खडे गिळतात, पिलांनाही भरवतात. त्यांना पापुद्रा आणि खडा सारखाच. शनिवारी घासलेल्या खिडकीतून लाकडाच्या रेषा केवढ्या सुंदर दिसत होत्या. मी त्यांचं कौतुक केलं, आणि पापुद्रे चिमटीने नळीत भरून घेतले. त्यांचाही आकडा काल आला: शिसंच.

त्यांना बोल लावू नकोस. मला माहीत नव्हतं, तर त्यांना कुठून असणार?

आता ज्यासाठी लिहिते आहे ते. तुझी छकुली त्याच खिडकीखाली मातीत बसून खेळते आणि दिसेल ते तोंडात घालते. तिचं पोट दुखतं, ती जेवत नाही, चिडचिड करते, पूर्वी बोलायची ते दोनचार शब्दही हल्ली बोलत नाही, आणि आपण सगळे म्हणतो, मावशीवर गेली, हट्टी आहे. नसेलही काही. पण मला अंदाज नको, तिचं रक्त हवं. आमचा ड्रायव्हर हे पत्र हातात देऊन दाराशी थांबेल. हे वाचून झालं की तिला आंघोळ घाल, धुतलेले कपडे चढव आणि तशीच गाडीत बस. खेळणी घेऊ नकोस, नवी आणू. जावईबापूंना म्हणावं, रंग खरवडायची पटाशी जिथे असेल तिथे ठेवा, झाडू मारू नका, धूळ उडेल, दार ओढून मागोमाग या. दवाखान्यात मी बोलून ठेवलं आहे. मी दारातच असेन, पण आत तूच तिला धर. माझे हात पिलं धरायला सरावलेत, तिला धरायला धजत नाहीत. सुई टोचल्यावर पिलांनी चोचही उघडली नव्हती, ती रडेल. तिला लगेच गप्प करू नकोस, ठमे. मला बाहेर ऐकू येऊ दे.

तुझीच,
ताई