पाचाचं बटण

आई, काल बोरिवलीहून सुनेचा फोन आला. आता मीही सासू झालेय, हे तुम्हाला सांगायचं राहिलंच. म्हणाली, "मायक्रोवेव्हची बटणं दाबून दाबून बोट दुखलं, काही म्हणता काही होत नाही. नवीनच घ्यावा लागणार." म्हटलं, थांब बाई, एवढ्यात त्याचं तेरावं घालू नकोस. प्लग काढ, जरा दम धर, परत लाव. दार नीट लागलंय का बघ. कुलपाचं चित्र दिसतंय का? दिसत होतं. नातवानं खेळता खेळता बटणांना कुलूप लावून ठेवलं होतं. ते सुटल्यावर ती म्हणाली, "तुम्हाला कसं हो हे सगळं येतं?" आता तिला काय सांगू, की हे एका दसऱ्याच्या हळदीमुळे येतं? म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. एकाच ओट्यापाशी उभ्या राहणाऱ्या बायका एकमेकींना पत्रं लिहीत नाहीत, त्यामुळे हे आपलं पहिलंच.

घाटकोपरची ती दोन खोल्यांची जागा आठवते ना? मी नवी सून. सकाळी डबा घेऊन अंधेरीला निघायचे, तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात दिवसभर भिंगाखाली बारीक सर्किटं जोडायचे, आणि बसचे धक्के खात दिवेलागणीनंतर घरी यायचे. तुम्हाला ते बिलकुल पसंत नव्हतं. "डोळे फोडून घेता नि सांजेक थकान येता," असं शेजारणीला सांगायचात, मला ऐकू जाईल अशा बेतानं. दिवाळीनंतर नोकरी सोडायची, हे लग्न ठरतानाच ठरलेलं होतं. तुमचा धाकटा, म्हणजे आमचे हे, या विषयावर नेहमी वर्तमानपत्रात तोंड घालायचे. मला तर ती नोकरी जिवापाड आवडायची. पण बोलणार कुणाशी?

त्याच वर्षी थोरल्या भाऊजींनी मस्कतहून मायक्रोवेव्ह आणला आणि सुट्टी संपली तसे परत गेले. अख्खी चाळ बघायला लोटली. तुम्ही मात्र चार हात लांब. "आग नाय, धूर नाय, आणि भात तापता? मी हात लावूचंय नाय ह्येका." भाऊजी हसले, म्हणाले, "आई, तू गावठी ती गावठीच." तुमचा चेहरा मी पाहिला होता. रात्री मी उशिरा आले की माझं ताट मीच त्यात तापवायचे आणि तुम्ही पदर नाकाला लावून बाहेरच्या खोलीत जायचात.

आणि मग दसरा. तुम्ही विळी, पाटा-वरवंटा, शिवणाचं मशीन सगळं पुसून मांडलेलं. माझा कारखान्यातला चिमटासुद्धा त्यात होता, तो बघून मला जरा बरंच वाटलं. शेवटी तुम्ही मायक्रोवेव्हपुढे उभ्या राहिलात. घरात आलाय तर आपलाच म्हणायचा, असं मनाशी ठरवल्यासारखं वाटलं. हळद पाण्यात चांगली पातळ कालवलीत, आणि त्याचं कपाळ समजून नेमक्या बटणांवर ऐसपैस स्वस्तिक काढलंत. वर झेंडूचा हार. मी बघत होते आणि मला इतकं गोड वाटलं की थांबवायचं सुचलंच नाही. बटणं म्हणजे नुसता छापील प्लॅस्टिकचा पत्रा, त्याची कड एका कोपऱ्यात सुटलेली. ओघळ तिथून आत गेला.

दुसऱ्या दिवशी घड्याळाचे हिरवे आकडे छान दिसतायत, पण कुठलंही बटण दाबा, आवाज नाही. प्लग काढून लावला, दार आपटून पाहिलं, कोरड्या फडक्यानं पुसलं. ढिम्म. तुम्ही दारात उभ्या. मग हळूच जवळ आलात आणि बोट ठेवून दाखवलंत. पत्र्याखाली कडेकडेनं पिवळं उतरलेलं. मी इतका वेळ त्याच्याशी झटापट करत होते, मला दिसलं नव्हतं.

"माझ्या हातान झाला ह्या," तुम्ही म्हणालात. "दिवाळीक थोरलो येतलो. जन्मभर हसतलो माका. तुका जमतला काय गो?"

लग्न होऊन आल्यापासून तुम्ही मला पहिल्यांदा काहीतरी मागितलंत. मी म्हटलं, "बघते, पण कुणाला कळता कामा नये." तुम्ही तोंडावर बोट ठेवलंत. झालं, सासू-सुनेचा कट.

प्लग काढून ठेवला, दोन दिवस तसाच राहू दिला. रविवारी हे मित्राकडे गेल्याबरोबर मी पेचकस काढला. मशीन बंद असलं तरी आत करंट साठून राहतो, म्हणून तुम्हाला लांब उभं केलं. मी कारखान्यात शिकले होते तसा आधी तो उतरवला आणि मग बटणांचा पत्रा तेवढा सोडवला. सुटलेल्या कोपऱ्यातून त्याचे पापुद्रे अलगद वेगळे करून स्पिरिटचा बोळा फिरवला, जोडपट्टी खोडरबरानं घासली. आता वाळवायचं कसं? मी पंख्याखाली ठेवत होते. तुम्ही म्हणालात, "पंख्यान पापड वाळतत काय?" आणि गॅलरीत पोह्याच्या पापडांशेजारी, पातळ फडक्याखाली, तो पत्रा मांडलात. ऑक्टोबरचं ऊन. तुम्ही काठी घेऊन दिवसभर कावळे हाकलत बसलात. शेजारीण विचारायला आली, हे कसले पापड? तुम्ही शांतपणे म्हणालात, "मस्कतचे." आई, मी आत ओट्याला धरून हसत होते.

सगळं परत जोडलं ते दिवाळीच्या तोंडावर. एकेक बटण वाजायला लागलं. तुम्ही प्रत्येक आवाजाला मान डोलावत होतात. फक्त पाचाचं बटण मुकं. पुन्हा उघडायला वेळ नव्हता, भाऊजी दारात हजर.

पाडव्याला ते चाळीतल्या सगळ्यांना गोळा करून मशीन दाखवायला उभे राहिले. वाटीत पाणी ठेवलं आणि बोट थेट पाचावर. काही नाही. परत दाबलं. तुम्ही करंज्यांचं ताट घेऊन पुढे झालात आणि म्हणालात, "पाच मिन्टा कित्याक व्हयी? चारात उकाळता."

"बिघडलाय काय गं आई?"

"झुरळ गेला असात. ती बघतली. तिचोच तो धंदो."

भाऊजी हसले. "पण तिची नोकरी तर आता सुटणार ना?"

तुम्ही ताट खाली ठेवलंत. "नोकरी सोडून ती शिकलेला विसरली, तर ह्या मशीन कोण बघतला? तू येतलंस मस्कतासून?"

सगळे हसले. विषय तिथेच संपला, आणि तो परत कधी निघाला नाही. मी त्या कारखान्यात निवृत्त होईपर्यंत राहिले. भिंगाखाली डोळे फोडून घेत, अगदी सुखात.

पुढे वर्षानुवर्षं आपल्या घरात सगळं चार मिनिटं तापलं, नाहीतर सहा. दर दसऱ्याला तुम्ही हळदीचं कोरडं बोट बटणांपासून लांब, मशीनच्या टपावर टेकवायचात आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारायचात, "पाचाचा अजून बाकीच ना गो?" मी म्हणायचे, "हो ना, बघते एखाद्या रविवारी." तुम्ही म्हणायचात, "बघ सावकाश. घाय नाय." बटण बाकी, तोवर नोकरी पक्की; तेव्हा मला वाटायचं की मीच तुम्हाला गुंडाळतेय.

हे पत्र सुनेला द्यायचं नाही, तिला आपली झुरळाचीच गोष्ट माहीत आहे आणि तीच बरी. दसऱ्याला विळीखाली ठेवीन म्हणते, पुसून मांडताना तुमच्या हाती लागेल. एक सांगायचं राहतं. तुम्ही गेल्यावर भंगारवाल्याला द्यायच्या आधी मी तो मायक्रोवेव्ह उघडला. पाचाखाली हळदीचा एवढासा ठिपका होता. बोळा फिरवला आणि बटण पहिल्याच दाबाला वाजलं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीही तेवढंच काम होतं, आई. मला ठाऊक होतं, आणि आता वाटतं, तुम्हालाही.