स्तेपानचा फोन

अबकैक, सौदी,
१८ जानेवारी २०२५

प्रिय नफिसा,

सलाम. तुम्ही सगळी खुशाल असाल. गावाकडची ती जुनी सकाळ तुला आठवते? त्या सकाळी मी म्हशीची धार काढली, विहिरीवरून पाणी आणलं, लहानग्या तौकीरला शाळेत धाडलं आणि पडवी सारवायला बसले. तू दारात येऊन म्हणालीस, "आपा, या खेपेला दुल्हाभाई आले की त्यांनाही बसव सारवायला." मी हसले. सौदीहून सुट्टीवर आलेल्या नवऱ्याला कोण कामाला लावतं?

हे गालिनामुळे आठवलं. ती आमची इथली शेजारीण, तिचा जावई आपल्या तौकीरच्याच तेलाच्या प्लांटवर कामाला आहे. ती रशियातल्या कुबान नदीकाठची, कोसॅक जातीची. तिला हिंदी येत नाही, मला रशियन. तिच्या मोबाइलपुढे बोललं की तो दुसरीच्या भाषेत सांगतो, त्यावर आमचं चालतं.

कोसॅक म्हणजे घोडे आणि तलवारी, एवढंच मी वाचलं होतं. गालिना म्हणते, घोडे पुरुषांचे, बाकी सगळं आमच्या गळ्यात. सोव्हिएत अमलात शेती सरकारी. पहाटे तिथल्या गाईंच्या धारा, मग घरची गाय, मग भाजीचा वाफा. सरकारला देव चालत नव्हता, म्हणून तिच्या सासूने दार लावून नातीचा बाप्तिस्मा करवला. थंडी सरली की बायका मिळून घरं लिंपायच्या. माती, भुसा, शेण, वरून चुना. पुरुष त्या मातीला पाय लावत नसत. तिचा नवरा स्तेपान मात्र विजार गुडघ्यापर्यंत चढवून माती तुडवायचा. बायका ओरडायच्या, "स्तेपान, घागरा घालून ये की."

"आणि तू?" मी विचारलं.

"मी शिव्या द्यायचे. मातीत खडे ठेवतो म्हणून."

स्तेपान अजून आहे. गाय कोण बघेल म्हणून तो इकडे आला नाही. रोज असरच्या नमाजानंतर फोन करतो आणि ही त्याच्यावर खेकसते.

माझं इथे छान आहे. सून मायाळू आहे. नात उमामा इंग्रजीत भराभर बोलते, मी मान हलवते.

परवा गालिनाचे हात पिठात होते, मोबाइल माझ्या हातात. तेवढ्यात वाजला. पडद्यावर लोकरी टोपीतला म्हातारा. मी लाल बटण दाबलं. तिने वर पाहिलं, मी हात हलवला, कोणी नाही, खलास. मग आवाजच बंद करून मोबाइल पालथा ठेवला. ती पीठ मळताना सारखी घड्याळाकडे बघत होती आणि मला बरं वाटत होतं. हे तुलाच लिहिते आहे.

तुझ्या दुल्हाभाईंवर मी एकदाही खेकसले नाही. दोन वर्षांनी महिनाभरासाठी आलेला माणूस, त्याच्यावर कसं खेकसायचं? त्यांची पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यायची लाज वाटे, म्हणून मी अक्षरं शिकले. पण पत्रांतही जपूनच लिहिलं. इथल्याच हफ्र अल बातिन शहरात त्यांना मातीत ठेवलं तेव्हा मी गावी होते. आता त्यांच्या मुलुखात राहते. गालिनाकडे चाळीस वर्षांची भांडणं आहेत, नफिसा, आणि मला ती बघवत नाहीत.

काल मी पुन्हा तिच्याकडे गेले. ती रोजच्यासारखी पावाचं पीठ मळत होती. असरनंतर स्तेपानचा फोन आला. मी तो उचलून तिच्या कानाशी धरला आणि दोघांचं भांडण संपेपर्यंत तशीच उभी राहिले.

तुझी आपा,
मैमुना