नव्या वर्षाच्या चवळीत कोळंबी

बेटावरून, ३ जानेवारी

प्रिय लुरेथाताई,

फिलाडेल्फियाच्या बर्फात तुझे गुडघे काय म्हणतात ते आधी कळव. इथे देवाच्या कृपेने आम्ही दोघं नवराबायको श्वास घेतो आहोत. (इझिकेल जरा मोजून घेतो. नऊ तारखेला त्याच्या हृदयाचं ऑपरेशन आहे, ते तुला ठाऊकच आहे.)

तू बेट सोडलंस तेव्हापासून एक जानेवारीच्या चर्चच्या जेवणाला चवळी-भात कोणी करायचा यावर वाद होता. यंदा तो माझ्या गळ्यात पडला. मी किती भित्री ते तू जाणतेस, अजून घुबड ओरडलं की बूट उलटे करून ठेवते. आणि सगळ्यांचं वर्षभराचं नशीब ज्या पातेल्यात शिजतं ते माझ्या हाती दिलं. तुझ्या चवळीत खारवलेलं डुकराचं मांस असायचं, पण डॉक्टरांनी इझिकेलला त्याचा वासही घेऊ नका म्हणून बजावलंय. मग मला सुचलं (भीतीने माणसाला भलतंच सुचतं) की सरळ गार सॅलड करावं. शिजवलेली चवळी, मोकळा भात, इझिकेलनेच पकडून बर्फात ठेवलेली कोळंबी, खेकड्याचं मांस, कांदा, सिमला मिरची, वरून लिंबू आणि व्हिनेगर. कोळंबी जास्त उकळली तर चिवट होते आणि कमी उकळली तर अख्खं चर्च दवाखान्यात, म्हणून मी एकेक चाखत राहिले. पहिल्या अकरा माझ्याच पोटात गेल्या.

सॅलड कुणी केलं हे विचारल्याशिवाय आपल्याकडे कोणी घास घेत नाही. माझं नाव ऐकून दोघीतिघींनी चमचा परत ठेवला, पण वासाने त्याही वळल्या. अर्धी परात संपली तेव्हा मिस हेस्टरनी (वय एक्याण्णव, दात तीन, नजर घारीची) काट्यावर एक कोळंबी उचलून धरली.

"व्हर्डेल, ही पोहते कशी गं?"

"घाबरली की मागे मागे, मिस हेस्टर."

"आणि खेकडा?"

"आडवा."

"मग वर्षाच्या पहिल्याच दिवशी आम्हाला घेऊन निघालीस कुठे?"

ताई, हे मला आधी सुचलंच नव्हतं. पहिल्या दिवशी मागे जाणारं काही खाल्लं की वर्षही मागे जातं, हे पाळण्यात असल्यापासून ऐकलंय, आणि तेच मी ऐंशी माणसांना वाढून बसले होते. सगळे काटे खाली आले. पास्टरांनी घास गालातच धरून ठेवला, गिळावा की नाही त्यांना ठरवता येईना. मी इझिकेलचं ताट ओढायला धावले, तर तो तिसऱ्यांदा वाढून घेऊन बसलेला. ओढाओढीत व्हिनेगर त्याच्या पांढऱ्या शर्टावर सांडलं. तो शांतपणे चावत म्हणाला, "चाळीस वर्षं या मागे पोहणारीनंच आपलं घर चालवलंय. आणि जाऊ दे की वर्ष मागं. गेल्या वर्षी मला जिना चढता येत होता."

सगळे हसले. मिस हेस्टरही हसल्या, आणि परात चाटूनपुसून साफ झाली. मला मात्र हसू आलं नाही. मला फार भीती वाटते, ताई.

तुझी धाकटी,
व्हर्डेल

ता. क. पुढच्या वर्षीही हेच सॅलड हवं असा सगळ्यांचा आग्रह आहे. तरी वर्ष वाईट गेलंच तर असू दे, म्हणून मी कृती तुझी आहे असं सांगून ठेवलंय.

ता. क. आणखी एक. वर्षाच्या पहिल्या दिवशी धुणं काढलं की घरातलं माणूस धुऊन जातं, म्हणून तो शर्ट मी तसाच ठेवला. आज तीन तारीख, आता धुतला तर चालतो, हे मला कळतं. पण हात धजत नाही. इझिकेलला दवाखान्यात जाताना तोच घालायचाय. नऊ तारखेच्या आत ये, आणि तो तूच धू.