एका माणसापुरती खोली

प्रिय पिटुकले,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू आधी खुर्चीत बसली असशील. घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. इतकी वर्षं पत्रं तुझी ताई लिहायची आणि शेवटी उरलेल्या कोपऱ्यात मी ‘ठीक आहे, तू कशी?’ एवढं खरडायचो. आज सगळा कागद माझ्या वाट्याला आला आहे. साठी उलटलेल्या बाईला पिटुकली म्हणू नये हे मला कळतं; पण आमच्या लग्नात तू खुर्चीवर चढून माझ्या उंचीला उंची लावून पाहिली होतीस आणि ‘चालेल’ असं सगळ्यांदेखत जाहीर केलं होतंस. त्या एका शब्दाच्या भरवशावर लिहितो आहे.

माझ्या आजारपणाचं ताईने तुला फोनवर सांगितलं असेल, पण तिच्या पद्धतीने, म्हणजे ‘यांना जरा बरं नसतं’ इतकंच. जन्म लिफ्ट दुरुस्तीत गेला, निवृत्त झाल्यावरही काही वर्षं मी बरा होतो. मग एका सकाळी दाढी करावीशी वाटेना. मग पेपर उघडावासा वाटेना. पुढे पुढे उठणंच जिवावर यायला लागलं. दुखत काहीच नव्हतं. दुखलं असतं तर बोट ठेवून दाखवता तरी आलं असतं. खालच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर म्हणाले, वय झालं. नेहमीचे डॉक्टर म्हणाले, वय झालं, आणि टॉनिक दिलं. आमच्या मुलाने फोनवर सांगितलं की बाबा, जरा फिरायला जात जा. तुझी ताई तेवढी म्हणाली, ‘वय तर माझंही झालंय. मी कुठे भिंतीकडे तोंड करून पडते?’

मोठ्या दवाखान्यात म्हाताऱ्या माणसांच्या मनाच्या आजारांसाठी वेगळा विभाग आहे, हे तिनेच शोधून काढलं. तळघरात, एक्स-रेच्या शेजारी. मी येत नाही म्हणालो. तिने माझे बूट पलंगाशी आणून ठेवले आणि सांगितलं की तुम्ही आला नाहीत तर मी एकटी जाऊन तुमचं सगळं सांगेन, वर मीठमसाला लावून सांगेन. गेलो. तिथे गोळ्या मिळाल्या, आणि दर बुधवारी गोल मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही सात-आठ जण. एक बँकेतले साहेब, बोलताना सारखी शर्टाची बटणं चाचपणारे. एक शिंपीण, नवरा गेल्यापासून जिला मशीनचा आवाज सहन होत नव्हता. बाकीचे माझ्यासारखे, सांगायला कारणही नसलेले. समुपदेशक बाई आमच्या नातीच्या वयाची. ‘आजोबा, आज अंथरुणातून उठताना कसं वाटलं?’ असं विचारायची आणि उत्तराची वाट पाहायची. मला मनात हसू यायचं, कारण तो आवाज माझ्या ओळखीचा होता. लिफ्टमध्ये कोणी अडकलं की मी वरून त्याच आवाजात बोलायचो: खाली बसा, घाई नको, मी इथेच आहे. आणि लागणारा भाग गोदामात नाही, हे बऱ्याचदा मला ठाऊक असायचं. तरी त्या आवाजाचा उपयोग होतो गं. मी दाढी करायला लागलो. पाव आणायला खाली जाऊ लागलो. एकदा तर पोस्टमास्तरांशी भांडलोसुद्धा. ताई इतकी खूश झाली की तिने त्यांना चहाला बोलावलं.

मग एका बुधवारी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ताईला आत बोलावलं, माझी झोप कशी आहे ते विचारायला. ताईने छान सांगितलं. थोड्या वेळाने तेच पुन्हा सांगितलं, त्याच शब्दांत. मला त्यात काही वाटलं नाही, घरी तसंच चालायचं आणि मी निम्मं ऐकायचो नाही. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. सहज म्हणून त्यांनी तिला तीन शब्द सांगितले: छत्री, किल्ली, संत्रं. मग इकडचं तिकडचं विचारलं. तुम्ही कुठे काम करायचात, असं विचारल्यावर ती खुलली. धुलाईच्या दुकानात काउंटरवर उभी असताना ती कोट पाहून गिऱ्हाईक ओळखायची, तुला माहीतच आहे. ‘तुमचा हा कोट तुम्ही घरीच इस्त्री करता,’ असं तिने डॉक्टरीणबाईंनाही सुनावलं. दोघी हसल्या. मग त्या म्हणाल्या, ‘आता मघाचे शब्द सांगा बघू.’

ती हसतच राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. पिटुकले, मला तिन्ही शब्द आठवत होते. मी, ज्याला आदल्या दिवशी काय खाल्लं ते आठवत नाही, त्याच्या जिभेवर तिन्ही शब्द होते, आणि मला बोलायचं नव्हतं. ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत होती. शेवटी म्हणाली, ‘मला कुठे काय झालंय? पेशंट हे आहेत.’

बसमध्ये तिने विचारलं, तुमचं काय म्हणाल्या? मी म्हटलं, सुधारणा आहे. ते खोटं नव्हतं.

पुढच्या तपासण्या झाल्या आणि जे निघायचं ते निघालं. फोनवर ती तुला अजून ठणठणीत वाटते, कारण ती तुलाच प्रश्न विचारत राहते आणि तू बोलत राहतेस. इकडे ती गॅसवर रिकामं भांडं ठेवते. माझा मोजा हातात घेऊन उभी राहते, त्याचं काय करायचं असतं ते आठवेपर्यंत. समुपदेशक बाईने मला वेगळं बसवून सांगितलं की आजोबा, आता तुम्हाला त्यांचा आधार व्हायचंय, आणि तुम्हाला आधार द्यायला आम्ही आहोत. महिन्याभरात तिचंच कंत्राट संपलं. बुधवारच्या खुर्च्या एकावर एक रचून कोपऱ्यात ठेवल्या. घरी येणाऱ्या नर्ससाठी नाव नोंदवलं आहे. आमच्या पुढे खूप नावं आहेत म्हणतात.

मी केलं, जमेल तितकं केलं. सकाळी तिच्या आधी उठायचो, दोघांच्या गोळ्या काढायचो, तिच्या केसांचा गुंता सोडवायचो. ती आरशातून म्हणायची, ‘तुम्हाला कधीपासून हे यायला लागलं?’ मला वाटलं, चला, निदान तिच्यासाठी तरी आपण उभे राहू. अशा गोष्टी ऐकतो ना आपण, की कोणासाठी तरी माणूस उभा राहतो. पण हा आजार तसलं काही ऐकून घेत नाही. एका सकाळी पुन्हा तेच. डोळे उघडे, हातापायांत जीव नाही. ती पलंगाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘आज मी काय करायचं असतं?’ मला ऐकू आलं. मी भिंतीकडे पाहत राहिलो. ती खुर्ची ओढून बसली. दुपार कलली तरी तशीच बसलेली, गाऊनमध्ये, उपाशी, कारण ऊठ म्हणून कोणी सांगितलंच नाही. पोस्टमास्तर दार ठोठावत राहिले, तेव्हा तिने उठून कडी काढली आणि त्यांना हळूच सांगितलं, ‘हे झोपलेत.’

मुलगा आला. बिचारा रागावलादेखील नाही, माझ्या पायथ्याशी बसून राहिला. दोघांना ठेवून घेईल असं ठिकाण त्याने शोधून पाहिलं. एक सापडलं, पण तिथे तिच्यासारख्यांचा मजला वेगळा, कुलपातला. आणि माझ्यासारखे ते घेतच नाहीत. त्याच्या घरी एक छोटी खोली निघते, एका माणसापुरती. तेव्हा ती तिकडे जाणार. माझ्याकडे पोस्टमास्तर अधूनमधून डोकावतील. हे सगळं आम्ही तिला समजावलं. ती नीट ऐकते, मान डोलावते, आणि जेवताना विचारते, ‘आणि तुम्ही?’ मी म्हणतो, मागाहून येतो. ती म्हणते, बरं. संध्याकाळी पुन्हा विचारते. मी पुन्हा तेच सांगतो. इतक्यांदा सांगून एखादी गोष्ट खरी व्हायला हवी होती.

येत्या रविवारी सकाळी मुलगा गाडी घेऊन येईल. मी स्वतःला आता चांगला ओळखतो. त्या दिवशी मला उठता येणार नाही. आजपासून ठरवलं, गोळ्या वेळेवर घेतल्या, बूट उशाशी ठेवून झोपलो, तरी नाही. ती दारातून बाहेर पडताना मागे वळून बघेल, तिची सवयच आहे. तेव्हा तिथे तिचं कोणीतरी उभं असायला हवं. म्हणून तू शनिवारीच ये. तिचे केस तू विंचर, उजव्या बाजूने, डावीकडे तिला ओढतं. गाडी वळेपर्यंत हात हलव. आणि तिने माझं विचारलं तर तिला खोलीत आणू नकोस. झोपलेत म्हणून सांग. मी जागा असेन.

तुझा, आणि अजून तरी तुझ्या ताईचाच,
भावोजी